मुंडीचा मान

१५ नोव्हेंबर २०२१

नवी नोकरी, म्हणून नवी वही. मला लिहायची सवय आहे. लिहिले की काळजी वहीत राहते, डोक्यात राहत नाही. दहावीला गणितात गेलो, पण शुद्धलेखनात माझी चूक कुणी काढलेली नाही.

सकाळी दीक्षाने पोशीरहून नेरळपर्यंत स्कूटीवर सोडले. बहीण धाकटी आहे, पण बोलताना थोरली असते. म्हणाली, दादा, तू मेंढ्यांना घाबरलास की मेंढ्या तुला, ते फोन करून सांग. पुढे कर्जत, मग टेंपोने कुंभिवली, आणि हायवे सोडून डोंगराच्या अंगाला पायी. शेडचे हिरवे पत्रे लांबूनच दिसतात. खोली चांगली आहे. खिडकीला जाळी आहे, नळाला पाणी आहे. दाराची कडी तीन वेळा लावून पाहिली, नीट बसते.

इथे परदेशी जातीच्या मेंढ्या अभ्यासासाठी ठेवल्या आहेत. किरण सर जनावरांचे डॉक्टर आहेत, तरुण आहेत, हसून बोलतात. त्यांनी मला बाकावर बसवून सगळे समजावले. म्हाताऱ्या मेंढीला कधी कधी स्क्रेपी नावाचा मेंदूचा आजार होतो. त्यातला हा वेगळा प्रकार. याला जंतू नाही. मेंदूतले एक प्रथिन चुकीचे वळते आणि शेजारच्याला आपल्यासारखे वळवते. उकळून ते मरत नाही, कारण ते मुळात जिवंतच नसते. पण हा प्रकार एकीकडून दुसरीकडे लागत नाही. कळपात एखाद्या म्हातारीला आपोआप होतो आणि तिच्याबरोबर संपतो. मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा सर म्हणाले, लागत नाही.

मेंढ्या लडकूमामा बघतात. डोंगरावरच्या ठाकूरवाडीत राहतात. पन्नाशीचे, सडपातळ, पायात वहाण नाही. आज एक आजारी मेंढी कापायची होती. मामांनी सुरी घेतली आणि मला डोके धरायला लावले. सरांनी लांब दांड्याच्या चमच्याने कवटीच्या मागच्या भोकातून मेंदूचा मागचा तुकडा काढला, बाटलीत घातला आणि म्हणाले, बाकी ने लडकू, तुझा हक्क. भिंतीवर पाटी आहे, की राहिलेल्या अवयवांची चुना टाकून विल्हेवाट लावावी. (‘विल्हेवाट’ चुकीचे लिहिले आहे.) मी पाटीकडे बोट दाखवले तर सर म्हणाले, ती पाहुण्यांसाठी आहे.

दुपारी मामांनी मला वाडीत जेवायला नेले. मुंडी जाळावर भाजली, खरवडली, फोडली. वाडीची रीत अशी, की जनावर सांभाळणाऱ्याला मुंडीचा मान, आणि कापताना ज्याने डोके धरले त्याला भेजा. आवडीमामींनी तो माझ्या ताटात वाढला. मी आधी विचारले, मामा, ही मेलेली की मारलेली? आमच्या घरात छप्पन सालापासून मेलेले जनावर खात नाहीत. आजोबांनी स्वतःच्या हाताने ते बंद केले. त्याआधी गावाने आम्हाला तेच खायला ठेवले होते. मामा हसून लोटपोट. म्हणाले, तुज्या हातात व्हती ना रं तिची मान? मेलेली असती तर तुला लाथा कुणी मारल्या? सगळे हसले.

मग मी जेवलो. पहिला घास माझा होता. कुणाच्या चुलीपाशी मला असा पहिला वाटा मिळेल असे वाटले नव्हते. दीक्षाला फोन केला. म्हटले, माणसे चांगली आहेत.

३ डिसेंबर २०२१

कामाची घडी बसली. झाडलोट, पेंड, पाणी. दुपारी एकेक मेंढी पाइपांच्या बोळातून चालवायची आणि मी मोबाइलवर तिची चाल टिपायची. मामांनी प्रत्येकीला नाव दिले आहे. एका चिडक्या मेंढीचे नाव आवडी आहे. मामींना ते माहीत नाही.

चिमा म्हणून एक म्हातारी मेंढी आहे. ती परवापासून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहते. पाण्याची बादली ठेवली तरी दचकते. डोके बारीक बारीक हलते. आज ती शेडच्या दारात थांबली आणि पुढचा पाय उंच उचलून टाकला, उंबरा ओलांडावा तसा. दाराला उंबरा नाही. मेंढ्यांसाठी जमीन सपाट केलेली आहे.

सर खूश झाले. म्हणाले, पहिली खूण भीती, मग तोल, मग हे. मामा म्हणाले, मंग आमच्या केतनला पयल्यापासूनच हाय की ओ! मीही हसलो.

२० फेब्रुवारी २०२२

मागच्या शेडमध्ये आठ कोकरे आली आहेत. त्यांना बाटलीने टॉनिक पाजायचे काम माझे. गुलाबीसर, पातळ पेजेसारखे असते. सर स्वतः बनवून देतात. कोकरे शेपटी हलवत पितात, माझी बोटे चोखतात.

चिमाला कापले. डोके मीच धरले. आता सगळे माझ्यासाठी थांबतात. वाडीतून कुणी हाक मारतो, भेजेवाले आले रं.

मामांच्या अंगणात बसायला मला आवडते. तिथे बाटली नसते. मामांचा बाप दारूने गेला. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. लग्नात मोहाची वाटली तर ते उठून बाहेर जाऊन बसतात. आवडीमामी म्हणतात, माजा नवरा चहाने झिंगतो.

११ जुलै २०२३

आज मागच्या शेडमध्ये, माझ्या कोकरांमधल्या एकाने नसलेला उंबरा ओलांडला.

आता ती कोकरे राहिलेली नाहीत, पण म्हातारीही नाहीत. मी धावत सरांकडे गेलो. वाटले, ते घाबरतील. त्यांनी मला मिठी मारली. फोनवर फोन केले. संध्याकाळी पेढे आले.

मी विचारले, हा आजार म्हाताऱ्यांचा ना? आपोआप होणारा ना? सर म्हणाले, बाटलीत काय होतं असं वाटलं तुला?

मेंदू होता. चिमाचा, चिमाच्या आधीच्यांचा. वाटून, गाळून. तोंडावाटे लागतो का ते बघायलाच ही शेड बांधली आहे. मी विचारले, मग तुम्ही लागत नाही का म्हणालात? ते म्हणाले, शेजारी उभं राहून लागत नाही, ते खरंच आहे. मी म्हटले, शेजारची मेंढी तिचा भेजा खात नाही, सर. आम्ही खाल्ला. तुम्ही दिलात.

ते हसणे थांबवून म्हणाले, मेंढी आणि माणूस यांच्यात फार अंतर असतं. आणि तुम्ही शिजवून खाल्लंत ना.

उकळून मरत नाही, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी, बाकावर बसवून सांगितले होते. मी हे बोललो. त्यांनी माझ्या हातात पेढा ठेवला.

पेढा मी गटारात टाकला. रागाने.

१९ जुलै २०२३

दोन मुंड्या मी स्वतः खड्ड्यात घातल्या आणि वर चुना ओतला. वाडीत संताप. आमचा मान खड्ड्यात घालतो, कोण लागून गेला हा? मी अंगणात उभा राहून सगळे समजावले. एकाने विचारले, सर डाक्टर हायेत का तू?

मग मामा म्हणाले, सरांनी तर कवा नको म्हटलं नाय. मी म्हटले, म्हणूनच. त्यांना ते कळले की नाही ठाऊक नाही, पण ते वाडीला म्हणाले, पोरगा रडाया लागलाय, र्‍हाऊ द्या आता मुंडी.

मामा किती वर्षे खात आहेत ते मी विचारले नाही. शेड उभी राहिली तेव्हापासून ते इथे आहेत.

मला एवढेच आठवत राहते, की मी नीट विचारले होते. मेलेली की मारलेली. आजोबांनी एक दार बंद केले होते आणि मी त्याची कडी तपासून पाहिली. शेजारी दुसरे दार सताड उघडे होते आणि तिथे शिकलेला माणूस हसत उभा होता.

६ नोव्हेंबर २०२३

भात झोडताना मामा पडले. दुसऱ्यांदा. वाडीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, मामा, अखेर घेतली का! मामा स्वतःच हसत होते. म्हणाले, पाय आयकत नाय रं.

दुपारी ते शेडमध्ये येताना दारात थांबले. गुडघा छातीपर्यंत उचलला आणि पाय आत टाकला.

माझ्या हातातली बादली पडली. मामा दचकले. मामा कधी दचकत नसत.

२८ नोव्हेंबर २०२३

सरांनी मामांना बोळातून चालवले. पाइपांच्या त्याच बोळातून. मला म्हणाले, मोबाइल धर. मी धरणार नाही म्हणालो, तर त्यांनी स्वतः धरला. मामा निमूट चालले. शेवटी पोचल्यावर त्यांनी सरांकडे पाहिले. चालून झाल्यावर आम्ही मेंढीला पेंड देतो. सरांनी त्यांना बिस्किटाचा पुडा दिला.

मग ऑफिसात जाऊन त्यांनी मामांना कामावरून काढले. कारण, दारू पिऊन येतो.

मी आत गेलो आणि ओरडलो. मला ओरडता येते हे मला माहीत नव्हते. सर शांतपणे म्हणाले, केतन, तू मुळातच घाबरट आहेस, तुला सगळीकडे आजार दिसतो. आणि सिद्ध काय करणार? हा आजार जिवंतपणी कळत नाही. मेंदू कापून बघावा लागतो.

१५ जानेवारी २०२४

मामांना घेऊन दवाखान्यात गेलो. एका बाजूला आवडीमामी, एका बाजूला मी. डॉक्टरांनी विचारले, गाव कुठले? ठाकूरवाडी म्हटल्याबरोबर त्यांनी मामांचे तोंड हुंगले. वास आला नाही. पुन्हा हुंगले. मग म्हणाले, आज नसेल घेतली. दारू सोडवण्याच्या गोळ्या दिल्या.

मी मेंढ्यांचे सांगायला लागलो. डॉक्टर म्हणाले, तू कितवी शिकलास?

बाहेर आल्यावर मामी म्हणाल्या, आयुष्यभर पिला नाय त्याचं हे फळ. पिला असता तर निदान मजा तरी केली असती मेल्याने. मामा हसले. त्यांचे डोके हलत होते, म्हणून हसणे पुरे दिसले नाही.

दुसऱ्या दवाखान्यातही तेच. तिसऱ्यातही तेच. तोंड हुंगायचे आणि हाकलायचे.

३० मे २०२४

मामा भिंतीकडे तोंड करून बसतात. मला ओळखत नाहीत. मामींनी ताट ठेवले तरी किंचाळतात. वाडीतली माणसे आता शिट्ट्या मारत नाहीत. ती दुरून जातात.

सर आठवड्याला येतात. फळे आणतात. मोबाइल वर धरून उभे राहतात. मी इथली नोकरी सोडत नाही ती एवढ्यासाठी, की खड्डा आणि चुना माझ्या हातात राहावा.

२२ ऑगस्ट २०२४

मामा पहाटे गेले.

सर नऊ वाजता हजर. बरोबर टेंपो, बर्फाची पेटी, एक कागद. त्यांना मुंडी हवी आहे. ते ‘डोके’ म्हणाले, ‘अभ्यास’ म्हणाले, ‘सन्मानाने’ म्हणाले. पण हवी होती मुंडी.

आवडीमामी उठल्या. म्हणाल्या, जितेपणी तुमी त्याला दारुड्या म्हनलात. आता त्याच्या डोस्क्यात काय बघताय? आमी मेंढ्या नाय, सायेब. चला, खाली उतरा.

सगळी वाडी उभी राहिली. सर उतरले.

मी मामींना एक शब्द बोललो नाही. पण माझ्या मनात आले होते. दिले तर सिद्ध होईल. सरांना नाही, दुसऱ्या कुणाला तरी दिले तर. मामा पीत नव्हते हे कागदावर येईल. हा आजार माणसाला लागतो हे कागदावर येईल. मातीत मामांना ठेवताना मी डोक्याच्या बाजूला होतो. पुरावा मातीत गेला. मामींचे बरोबर होते. तरीही गेला.

दारुड्या होता, असे कुंभिवलीच्या चहाच्या टपरीवर आजच कुणीतरी म्हणाले. त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवले.

९ डिसेंबर २०२४

नोकरी सोडली. शेवटचे बोलायला शेडमध्ये गेलो आणि सरांना तोंडावर सांगितले, की तुम्ही खुनी आहात. ते नुसते बघत होते, माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे. मी तरातरा बाहेर पडलो.

पोशीरला घरी पोचलो तेव्हा मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ आला होता. खाली लिहिले होते, केतन, दारात बघ.

मी पाठमोरा चाललो आहे. दारापाशी पोचतो. गुडघा उचलतो.

उंच.

मला कळलेसुद्धा नव्हते.

२ फेब्रुवारी २०२५

भीती वाटते. पण भीती मला नेहमीच वाटते. यातली माझी कोणती आणि त्याची कोणती? कडी लावली का, गॅस बंद आहे का, हे मीच विचारतो की ते प्रथिन विचारते? लहानपणापासून ज्या गोष्टीवरून सगळे मला हसले, तिच्यामागेच ते लपून आत आले.

दीक्षाला सगळे सांगितले. ती रडली नाही. म्हणाली, त्या सराचं नाव पत्ता लिहून दे. मग रडली.

१७ मार्च २०२५

दीक्षाने मुंबईला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले. हर्षला मॅडम. त्यांनी तोंड हुंगले नाही. सगळे ऐकले. मेंढीचे, बाटलीचे, मामांचे. मला चालायला लावले आणि स्वतः शेजारून हात धरून चालल्या. म्हणाल्या, खात्री आज देता येणार नाही. नंतरच देता येईल. ‘नंतर’ म्हणताना त्यांनी खाली पाहिले.

मी म्हटले, चालेल. नंतर द्या.

२४ एप्रिल

सरांचा फोन. केतन, गाडी पाठवतो, पाचच मिनिटं चालून दाखव. तुझं उदाहरण फार मोलाचं आहे. कोणती फळे आवडतात ते विचारले —

दीक्षाने फोन घेतला. काय बोलली ते लिहिण्यासारखे नाही. शेजारचे बाहेर आले ऐकायला.

त्यांना अजून राग येत नाही. मी त्यांना खुनी म्हटले तेव्हाही आला नाही. ते आम्हाला माणूस धरतच नाहीत, मग राग कुणाचा येणार —

मे

तारीख आठवत नाही. दोनदा विचारली.

भिंत बरी वाटते. भिंतीकडे पाहिले की — नाही. भिंतीकडे बसायचे नाही. दीक्षाने खुर्ची वळवली.

आवडीमामी आल्या होत्या डोंगर उतरून. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, मी वाढला व्हता रं तुज्या ताटात. मी म्हटले, मामी, तुम्ही मान वाढला होता. विष दुसऱ्याने —

नंतर

ओळी तिरक्या जातात. शब्द बरोबर आहेत का ते दीक्षा बघते. एकही चूक राहू द्यायची नाही. नाहीतर म्हणतील, याला काय कळते.

स्पष्ट लिहितो. माझे डोके किरण सरांना द्यायचे नाही. ते कितीही फळे घेऊन आले तरी नाही. हर्षला मॅडमना द्यायचे. त्यांनी कापून बघावे आणि काय दिसले ते कागदावर लिहावे. खाली हेही लिहावे, की लडकूमामा दारू पीत नव्हते. मामींनी दिले नाही ते मी देतो आहे. एकाचे बघितले म्हणजे दोघांचे —

बादली वाजली. किंचाळलो. आपलीच बादली.

डोके फार हलते, अक्षर फुटते. म्हणून दीक्षा मागे उभी राहून दोन्ही हातांनी धरते आहे. हात गरम आहेत तिचे. घट्ट धर, म्हटले. सोडू नकोस, सर दारात आले तरी. वाडीची रीत आहे गं. जो डोके धरतो, भेजा त्याचाच. मॅडमना तूच —